विश्लेषण : पाश्चात्य संगीताची एकही शिकवणी न लावता जॅझ मराठी कानात उतरवणारे सी. रामचंद्र कोण होते?

लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी ‘अलबेला’तले गाणे धरले की यावल-रावेरपासून नागपूरपर्यंत वऱ्हाडी मंडळींचे पाय आपोआप हलतात. ‘पप्पा सांगा कुणाचे’ हे गाणे तर मराठी घरांत लहान मुलांना आजही ऐकवले जाते. लता मंगेशकर यांचे ‘ऐ मेरे वतन के लोगो’ दरवर्षी २६ जानेवारीला गावोगावच्या शाळांत वाजते. या तिन्ही गाण्यांचा बाज वेगळा, भाषा वेगळी, काळही वेगळा. पण संगीतकार एकच, रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. हिंदी चित्रपटसंगीतात जॅझ रुजवणाऱ्या पहिल्या काही संगीतकारांत त्यांचे नाव घेतले जाते. त्यांनी जॅझचे रीतसर शिक्षण मात्र कधी घेतले नव्हते. मग हे संगीत ते कुठे शिकले? त्यांनी ते उचलले की आपले केले? आणि त्या श्रेयात आणखी कोणाचा वाटा होता?

सुरुवात कुठे झाली?

रामचंद्र यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातल्या पुणतांबे येथे झाला. गोदावरीकाठचे हे गाव आज राहाता तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात येते. आडनाव आले ते जवळच्याच चितळी गावावरून. शास्त्रीय संगीताचे धडे त्यांनी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे घेतले. सप्रे गुरुजी हे पंडित वसंतराव देशपांडे यांचेही गुरू. पुढे पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयातही ते शिकले. म्हणजे गाण्याचा पाया पक्का होता, पण तो पूर्णपणे हिंदुस्थानी रागसंगीताचा होता. पियानो, गिटार, ट्रम्पेट, पाश्चात्य स्वरलेखन यांचा त्या शिक्षणात कुठेही संबंध नव्हता.

गाणे शिकलेल्या या तरुणाला व्हायचे होते मात्र नट. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांना थेट नायकाची भूमिका मिळाली. चित्रपट चालला नाही आणि नायक म्हणून पुढचा रस्ता बंद झाला. त्यानंतर सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मुव्हिटोनमध्ये किरकोळ भूमिका करत त्यांनी दिवस काढले.

तो काळ आपल्या भागातल्या वाचकांना लगेच ओळखता येईल. डिसेंबर १९३६मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले आणि जवाहरलाल नेहरू त्याचे अध्यक्ष होते. तेव्हा चितळकर अठरा वर्षांचे होते आणि चित्रपटसृष्टीत पाय रोवण्यासाठी धडपडत होते. याच नेहरूंसमोर, २६ वर्षांनी, त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे सादर होणार होते.

नट हार्मोनियमकडे कसा वळला?

मिनर्व्हात बुंदू खान आणि हबीब खान हे संगीतकार होते. चितळकर त्यांना हार्मोनियमची साथ करू लागले. ही नोकरी त्यांच्यासाठी शाळाच ठरली. चाल कशी बांधतात, शब्द कुठे तोडतात, वाद्यमेळ कुठे भरतात आणि कुठे थांबवतात, हे सगळे त्यांना रोज समोर पाहायला मिळत होते. शिकवणारे कोणी नव्हते. साथीला बसायचे, पाहायचे आणि लक्षात ठेवायचे.

स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली ती तमिळ चित्रपटांत. ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ हे त्यांचे सुरुवातीचे चित्रपट. भाषा येत नसताना त्यांनी चाली बांधल्या. हिंदीत त्यांचे नाव झाले ते १९४२च्या ‘सुखी जीवन’मुळे. हा चित्रपट भगवान आभाजी पालव यांचा, म्हणजे पुढे साऱ्या देशाला ठाऊक झालेल्या भगवानदादांचा. गिरणी कामगाराच्या घरातला हा मराठी नट-दिग्दर्शक तेव्हा कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढत असे. या दोघांची जोडी पुढे दहा वर्षांत इतिहास घडवणार होती.

मुंबईत जॅझ आला कुठून?

जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स शहरात ते आकाराला आले. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन ही त्याची ठळक वाद्ये. ठरलेली चाल वाजवता वाजवता वादकाने त्या क्षणी सुचेल तसा विस्तार करायचा, हा त्याचा प्राण. आपल्याकडे गवई रागाची बढत करतो, त्याच्याशी याचे दूरचे नाते आहे. ठेक्याला हलका झोका असतो, मात्रेवर नेमके न पडता किंचित मागेपुढे होत स्वर येतात आणि ऐकणाऱ्याला डुलायला लावतात.

मुंबईत हे संगीत गाजू लागले ते १९३०च्या दशकात. १९३५मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा चमू ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे वादक इथे येऊन राहिले. त्यांना ऐकायला साहेब, संस्थानिक आणि श्रीमंत घराण्यांतले लोक जमत. सामान्य मराठी माणसाला त्या हॉटेलाची पायरी चढणेही कठीण होते. त्याच्यापर्यंत हे संगीत पोहोचले ते तबकड्या, रेडिओ आणि इंग्रजी चित्रपटांतून.

रामचंद्र यांचाही मार्ग तोच. अमेरिकी क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या संगीताचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. पण नुसत्या ऐकण्यातून वाद्यवृंद उभा राहत नाही. कानात बसलेले सूर कागदावर उतरवणारा आणि वाद्यातून काढणारा माणूस लागतो. ही माणसे त्यांना मिळाली गोव्यातून.

गोव्याचे वादक का महत्त्वाचे ठरले?

पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना पाश्चात्य स्वरलेखन आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवली जात. त्यामुळे कागदावरचे स्वर पाहून वाजवणारे वादक तिथे पिढ्यान् पिढ्या तयार झाले. रोजगारासाठी ते मुंबईत आले. हॉटेले, क्लब, मूकपटांची चित्रपटगृहे यांत त्यांना काम मिळत असे.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. साहेब निघून गेले, संस्थानिकांचा थाट ओसरला. मुंबई इलाख्यात १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि हॉटेल-क्लबांच्या रात्री मंदावल्या. याच काळात हिंदी चित्रपटांचा वाद्यमेळ वाढत होता. साहजिकच गोव्याचे वादक ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंकडे वळले. तिथे त्यांची गाठ रागसंगीतात वाढलेल्या, पण स्वरलेखन न शिकलेल्या संगीतकारांशी पडली. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवत. गोव्याचा सहायक ती लिहून घेई, गाण्याआधीचे आणि कडव्यांमधले तुकडे वेगवेगळ्या वाद्यांना वाटून देई आणि चालीखाली स्वरमेळ बसवी. हिंदी चित्रपटसंगीताचे सुवर्णयुग या भागीदारीवर उभे आहे.

रामचंद्र यांच्या बाबतीत या भागीदारीतले सर्वांत मोठे नाव चिक चॉकलेट. त्यांचे खरे नाव अँतोनिओ झेवियर वाझ. ते बार्देश तालुक्यातल्या हळदोण्याचे आणि जन्म १९१६चा, म्हणजे रामचंद्र यांच्याहून दोनच वर्षांनी मोठे. ट्रम्पेट वाजवण्याच्या शैलीमुळे त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. ताजमध्ये स्वतःचा चमू घेऊन वाजवणारा हा माणूस दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात असे. रामचंद्र यांनी त्यांना केवळ वादक म्हणून न ठेवता सहायक म्हणून जवळ केले. जॅझचे शिक्षण झाले ते असे, बरोबर बसून काम करता करता.

चित्रपटगीतांत नेमके काय बदलले?

१९४७च्या ‘शहनाई’ चित्रपटातले ‘आना मेरी जान संडे के संडे’ हे गाणे या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा. सॅक्सोफोन, गिटार, हार्मोनिका आणि त्यात शिट्टी, असा मेळ हिंदी गाण्यात तेव्हा नवाच होता. १९४९च्या ‘पतंगा’मध्ये शमशाद बेगम आणि स्वतः रामचंद्र यांनी टेलिफोनवरच्या संवादाचे रंगूनचे गाणे गायले. गायक म्हणून ते चितळकर हे नाव लावत. त्यामुळे अनेक रसिकांना गायक चितळकर आणि संगीतकार सी. रामचंद्र ही एकच व्यक्ती असल्याचे फार उशिरा कळले.

१९५१मध्ये भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. राजेंद्र कृष्ण यांची गीते, गीता बाली नायिका आणि रामचंद्र यांचे संगीत. ‘शोला जो भडके’ या गाण्यात बाँगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन अशी वाद्ये आहेत. एका गाण्यात चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. पण याच चित्रपटात लता मंगेशकर यांनी गायलेली अंगाईही आहे आणि ती पूर्णपणे देशी वळणाची, संथ आणि हळवी आहे. एकाच माणसाच्या हातून ही दोन टोके एका चित्रपटात उतरली. भगवानदादांचे नाचणेही त्याला साजेसे होते. दहीहंडीच्या किंवा गणपतीच्या मिरवणुकीत साधा माणूस जसा कमरेवर हात ठेवून, अंग न मोडता ठेका धरतो, तसेच ते. म्हणूनच परदेशी वाद्ये वाजत असूनही गाणे परके वाटले नाही.

१९५२च्या ‘शिनशिनाकी बूबला बू’मध्ये त्यांनी लता मंगेशकर यांच्याकडून निरर्थक अक्षरे गाऊन घेतली. जॅझमध्ये शब्दांऐवजी अशा अक्षरांनी गाण्याची पद्धत आहे. आपल्याकडच्या तराण्यातही अर्थ नसलेले बोल लयीत गुंफतात. रागसंगीत शिकलेल्या संगीतकाराला ही पद्धत सहज हाताळता आली, यात नवल नाही.

१९५७च्या ‘आशा’मधले ‘ईना मीना डीका’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. खोलीबाहेर मुले इंग्रजी चकायचा खेळ खेळत होती, त्यातून पहिली अक्षरे सुचली असे सांगितले जाते. रामचंद्र यांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्दांची भर घातली. त्या गाण्यातले ‘माका नाका’ म्हणजे कोकणीत मला नको. किशोर कुमार आणि आशा भोसले यांनी ते वेगवेगळे गायले. अमेरिकेत रॉक अँड रोलची लाट नुकतीच उसळली होती. तिचा ठेका हिंदी गाण्यात पक्का बसवला तो या गाण्याने.

हा खरा जॅझ होता का?

काटेकोर बोलायचे तर नाही. जॅझचा प्राण असलेला उत्स्फूर्त विस्तार चित्रपटगीतात मावत नव्हता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मिळत. त्यात मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले वाद्यतुकडे बसवायचे. वादकाला मनासारखे खेळायला जागा कुठे राहणार?

रामचंद्र यांनी घेतले ते जॅझचे रंग. ओळ संपता संपता ट्रम्पेटने दिलेले उत्तर, क्लॅरिनेटची लाडिक वळणे, ठेक्यातला झोका. त्याखाली बहुतेक वेळा आपला केहरवाच चालू असे. केहरव्याच्या आठ मात्रा पाश्चात्य नृत्यसंगीताच्या चार ठोक्यांत नेमक्या बसतात. ढोलकी किंवा ढोलकवर वाढलेल्या कानाला त्यामुळे अडखळायला होत नाही. चालही बहुधा रागाच्या किंवा लोकगीताच्या वळणाची असे. वाद्ये परदेशी, गळा देशी आणि पाय गल्लीतल्या मिरवणुकीचे, अशी ही बांधणी होती.

नक्कल केल्याचा आरोप किती खरा?

काही गाण्यांबाबत तो खरा आहे. १९५०च्या ‘समाधी’मधले ‘गोरे गोरे’ हे गाणे एका अमेरिकी चित्रपटातल्या लॅटिन ढंगाच्या गाण्यावरून घेतलेले आहे, हे दोन्ही ऐकल्यावर लगेच कळते. त्या काळी अशा उचलेगिरीला कोणी फारसे हटकत नसे. तरी त्याला उचलेगिरीच म्हणावे लागेल.

विरोध मात्र नकलेपुरता नव्हता. चित्रपटगीते उथळ आहेत आणि परक्या सुरांनी देशाची अभिरुची बिघडत आहे, असे मानणारा मोठा वर्ग होता. १९५२मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर त्यांपैकीच. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले. शेवटी १९५७मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. रागसंगीतावर निष्ठा असलेले मंत्री मराठी आणि ज्या संगीतावर राग होता त्यातले एक आघाडीचे नावही मराठी, तेही पटवर्धनबुवांच्या विद्यालयात शिकलेले, असा हा पेच होता.

रामचंद्र यांच्या कामातच या वादाचे उत्तर मिळते. १९५३च्या ‘अनारकली’मध्ये त्यांनी जॅझ पूर्ण बाजूला ठेवला आणि रागदारीच्या अंगाने लता मंगेशकर यांची अजरामर गाणी दिली. १९५५च्या ‘आझाद’ची गाणी तर अगदी थोड्या दिवसांत बांधून दिल्याचे सांगितले जाते. १९५९च्या ‘नवरंग’मध्ये व्ही. शांताराम यांच्यासाठी त्यांनी होळीच्या, लोकनृत्याच्या वळणाची गाणी केली. जॅझवाचून ज्याचे अडले असते, त्याला हे जमले नसते.

२७ जानेवारी १९६३ला काय घडले?

१९६२च्या चीन युद्धातल्या पराभवाने देश खचला होता. हुतात्मा जवानांच्या स्मरणार्थ दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर कार्यक्रम झाला. त्यासाठी कवी प्रदीप यांनी गीत लिहिले आणि चाल रामचंद्र यांनी बांधली. दरम्यानच्या काळात लता मंगेशकर आणि रामचंद्र यांच्यात दुरावा आला होता. हे गाणे आधी आशा भोसले गाणार असेही ठरले होते. अखेर ते लताबाईंनी गायले. पंतप्रधान नेहरूंचे डोळे पाणावले आणि गाणे देशाचे झाले.

या चालीत ट्रम्पेटचा झगमगाट नाही, नाचरा ठेका नाही. सुरुवातीला जवळजवळ बोलल्यासारखे येणारे शब्द, मग हळूहळू चढत जाणारा सूर. कीर्तनात बुवा आख्यान सांगता सांगता गाण्यावर येतात, तशी ही रचना. ‘संडे के संडे’ करणारा माणूस हाच, यावर पटकन विश्वास बसत नाही.

उतरता काळ कसा गेला?

या गाण्यानंतर रामचंद्र यांना हिंदीत पुन्हा पूर्वीचे दिवस आले नाहीत. लताबाईंचा आवाज हा त्यांच्या संगीताचा मोठा आधार होता आणि तो दुरावला होता. तोवर शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर आणि पुढे राहुलदेव बर्मन यांनी पाश्चात्य वाद्यवृंदाची वाट आणखी रुंद केली होती. ज्याने पायवाट पाडली, तो मागे राहिला.

ते मराठीकडे वळले. ‘धनंजय’ (१९६६) आणि ‘घरकुल’ (१९७०) हे चित्रपट त्यांनी स्वतः काढले आणि त्यांत भूमिकाही केल्या. तरुणपणी हुकलेले नटाचे स्वप्न असे थोडेसे पुरे झाले. ‘घरकुल’ने ‘पप्पा सांगा कुणाचे’ आणि सुरेश भट यांचे ‘मलमली तारुण्य माझे’ अशी दोन अगदी वेगळ्या स्वभावाची गाणी दिली. ग. दि. माडगूळकर यांच्या ‘गीत गोपाल’लाही त्यांनी चाली लावल्या. १९७७मध्ये ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र आले. ५ जानेवारी १९८२ रोजी, चौसष्टाव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी, मुंबईत त्यांचे निधन झाले. चिक चॉकलेट त्याआधीच, १९६७मध्ये, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी गेले होते.

आज त्यांच्याकडे कसे पाहावे?

सी. रामचंद्र यांना जॅझ कोणी शिकवला नाही, हे जितके खरे, तितकेच ते एकट्याने शिकले नाहीत, हेही खरे. तबकडीने त्यांच्या कानाला सवय लावली आणि चिक चॉकलेट, जॉन गोम्स यांच्यासारख्यांनी ते ऐकणे वाद्यांवर आणले. तबकडीवर मात्र नाव छापले गेले ते गायकाचे आणि संगीतकाराचे. रात्रंदिवस स्टुडिओत राबणारे, कागदावर स्वर लिहिणारे, एकेका गाण्यात चार-चार ओळी फुंकून जाणारे वादक निनावीच राहिले. गाणी पाऊण शतक टिकली, पण त्यांतला ट्रम्पेट कोणाचा, हे सांगणारे आज फार थोडे आहेत.

म्हणून ही गाणी मोबाइलवर पुन्हा ऐकताना एक करून पाहता येईल. या वेळी शब्द आणि गायक थोडे मागे ठेवावेत. दोन ओळींच्या मधे काय वाजते, तिकडे कान द्यावा. पुणतांब्याचा चितळकर आणि हळदोण्याचा वाझ तिथे एकमेकांशी बोलताना ऐकू येतात.